धृतवर्णाचा पण

पूर्वी त्रेतायुगात, तमसा नदीच्या उत्तर तीरावर, जिथे वेदघोषाने पहाट आणि धनुष्याच्या टणत्काराने संध्याकाळ ओळखू येई, अशी रत्नावती नावाची नगरी होती. तिचा राजा धृतवर्ण शूर, सत्यवचनी आणि अतिथीला देव मानणारा होता. म्हणूनच दुरक्ष नावाचा मायावी असुर अतिथीच्या वेषात येऊन फासे मांडून बसला, तेव्हा त्याला 'उठा' म्हणणे राजाच्या जिवावर आले. पुढे स्वतः राजालाच उठणे जमेना, ही गोष्ट वेगळी.

प्रथम जिंकल्याचा हर्ष होई, हरल्याचा संताप होई. मग दोन्ही आटले. गजशाळा गेली, अश्वशाळा गेली, सीमेवरची गावे गेली. राजा नुसता पुढचा फासा उचली. अखेर राणी हेमरेखेने तपोनिधी मौनश्रवा ऋषींना पाचारण केले. राजाने त्यांना वंदन केले आणि म्हटले, "भगवन्, आपल्या आज्ञेने मी द्यूत सोडले. पण हा एक डाव संपू द्यावा."

ऋषी खवळले. "राजा, 'पण' म्हणजे डावावर लावलेली वस्तू, हे तुला सांगायला नको. आत्ता तू आपले वचनच पणाला लावलेस! तर ऐक. यापुढे तुझ्या मुखातून 'पण' निघाला, की त्यामागून ज्याचे नाव येईल, ते डावावर लागेल!"

सभा थरारली. राजाने मान डोलावली आणि फासे टाकले.

पुढे राजकन्या सुवेला तापाने फणफणली. राणी द्यूतगृहाच्या दारात आली. "महाराज, पोर आपल्या नावाचा धोशा घेऊन बसली आहे. एकदा येऊन तिच्या कपाळावर हात ठेवा."

"आलोच," नजर न उचलता राजा म्हणाला, "पण सुवेलेला सांग, जरा..."

फासे आपोआप गडगडले. राजा हरला. असुराने मुलीला शय्येवरून उचलून नेले, राणीने टाहो फोडला, आणि राजा पाहत राहिला. आता रडू यायला हवे, असे त्याला वाटले. ते आले नाही. तेव्हा मात्र तो भ्याला. मला विचाराल तर त्या घरातला पहिला शुभ क्षण तोच.

राणीसह तो अनवाणी आश्रमात गेला. "भगवन्, माझी मुलगी गेली आणि माझ्या आत काही हलले नाही. हा रोग आहे, आणि तो मला एकट्याला आवरत नाही. साहाय्य करा."

ऋषींचा क्रोध ओसरला. "वत्सा, शाप मागे घेता येत नाही. मात्र जो खेळणाराच उरला नाही, त्याने लावलेला पण कोणालाही राखता येत नाही, असा द्यूताचा धर्म आहे. तेव्हा आपले वाक्य लहान कर. रोज सकाळी 'आज नाही' एवढेच म्हण आणि थांब. हेमरेखे, तू त्याच्याजवळ उभी राहा."

दुसऱ्या दिवशी असुर सुवेलेला घेऊन महाद्वारात आला आणि गर्जला, "राजा, एकच डाव! जिंकलास तर कन्या तुझी!"

मुलीने हात पसरले. राजाची बोटे आपोआप वळली. राणीने त्याचे मनगट धरले.

"आज नाही," राजा म्हणाला.

असुर पुढच्या शब्दाची वाट पाहू लागला. तो शब्द राजाच्या ओठांवर आला. राजाने तो गिळला. ऊन चढले, उतरले. सायंकाळी असुराची पकड सुटली आणि सुवेला आपल्या पायांनी उंबरठा ओलांडून आत आली. तेव्हाही राजाचे डोळे कोरडेच होते. तिने बापाची आवळलेली मूठ बोट बोट सोडवून उघडली आणि त्या रिकाम्या तळव्यावर कपाळ टेकले.

"ताप उतरला आहे," राजा म्हणाला. हातापुरते तरी त्याला कळले होते.

दुरक्ष मेला नाही. ज्या घरी 'आज नाही' असे वचन दिले जाते, त्या घराबाहेर तो अजून कान देऊन उभा असतो. धृतवर्ण वृद्ध होईपर्यंत रोज सकाळी ते दोन शब्द म्हणत असे. हेमरेखा त्याच्या तोंडाकडे पाहत थांबे, आणि तिसरा शब्द येत नाही अशी खात्री झाली की मगच पूजेला बसे.