दोरा न पोचलेली वस्ती

एकदा एका नगराने सांडपाण्याचा पाट कुठे सोडायचा, हे घटकाभरात ठरवून टाकले. सभेतले एकवीसच्या एकवीस हात वर गेले आणि पाट कोळीवस्तीच्या पाणवठ्याच्या वरच्या अंगाला सुटला. नदीपलीकडच्या नगरापुढेही हाच प्रश्न होता. तिथे तीन दिवस भांडणे झाली, पागोटी उडाली आणि शेवटी पाट वळसा घालून ओसाड माळावर गेला.

यांपैकी कोणाची रीत प्रांतभर लावावी, हे ठरवण्याचे काम एका वृद्ध आचार्यांकडे आले. त्यांच्या शिष्याने दोन्ही सभांचे इतिवृत्त वाचून लिहून आणले, "पहिले नगर श्रेष्ठ. तिथे वाद नाही, विलंब नाही."

आचार्यांनी तो कागद सरळ चुलीत घातला.

"पुन्हा जा. सभेत कोण काय बोलले, ते मला नको. हात वर करण्याआधी कोण कोणाला विचारायला गेले, तेवढे आण."

शिष्य आठ दिवस सभासदांच्या घरोघर फिरला. तो परतल्यावर आचार्यांनी अंगणात प्रत्येक माणसाच्या आणि प्रत्येक वस्तीच्या नावाची खुंटी ठोकायला लावली आणि जो ज्याला विचारायला गेला, त्याच्यापर्यंत दोरा ताणायला सांगितले. दुसऱ्या नगराच्या दोऱ्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. त्यांतले नऊ दोरे थेट वस्त्यांपर्यंत गेले होते. पहिल्या नगराचे एकवीसही दोरे एका व्यापाऱ्याच्या खुंटीला. तो सभासदही नव्हता. पाट वळवला असता तर ज्या माळावर गेला असता, तो नगराबाहेरचा माळ मात्र त्याच्या मालकीचा होता.

"आणि कोळीवस्ती?"

"खुंटी ठोकली आहे, गुरुजी. तिथे दोरा गेलाच नाही."

आचार्य संतापले. "आणि याला तू एकमत म्हणालास! एका माणसाचे मत एकवीस तोंडांनी बोलले. ज्यांच्या पोटात ती घाण जाणार, त्यांना एकानेही विचारले नाही. भांडणाऱ्यांना दाराबाहेर ठेवले, मग वाद होणार कसा? आणि तू? आठ दिवस फिरलास, त्या वस्तीत पाऊल तरी टाकलेस का?"

शिष्य तसाच कोळीवस्तीकडे निघाला. पाणवठ्यावर एक बाई घागर भरत होती. त्याने चाचरत विचारले, "पाटाबद्दल तुमचं म्हणणं काय आहे?"

बाईने घागर खाली ठेवली. "आत्ता सुचलं व्हय इचारायचं? माझी धाकटी परवा हगवणीनं गेली."

ठराव एकमताने मंजूर झाल्याचे वाचून टाळ्या वाजवणाऱ्यांनी आधी त्या बाईसमोर उभे राहून दाखवावे.