पाचवं कडवं

"मग ती कविता माझी नाही, असं तुम्हीही म्हणणार?"

केझाया लोरिंग दारातूनच बोलत होती. अंगावरची शाल तिने अजून काढली नव्हती.

डॉर्कस थेअर छपाईचे खिळे जुळवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"शाल काढ. शाई लागेल."

ही गोष्ट अमेरिकेवर इंग्लंडच्या राजाचा अंमल होता तेव्हाची, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा बंदरगावातली. गावात छापखाना एकच, आणि तो थेअरबाई चालवत. नवरा गेला तेव्हा बाई आता यंत्र विकून भावाच्या दारी जाणार, असं गावाने ठरवून टाकलं होतं. बाईंनी दुसऱ्या दिवशी शाई कालवली, आणि गावाचा हिरमोड झाला.

केझाया शाळामास्तरांची मुलगी. मुलगी हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं, तिथेच पंचाईत होती. लहानपणापासून ती आपल्या कविता बाईंकडे आणी. बाई वाचत, आणि शाईच्या बोटाने एखादी ओळ पुसून कागद परत देत. कौतुकाचा शब्द कधी नाही. लिहायला ती कुठे शिकली ते देव जाणे, खोडायला मात्र इथे शिकली.

आई गेल्यावर तिने आईच्या चरख्यावर कविता लिहिली. बाईंनी ती गेल्या वर्षीच्या पंचांगात छापली, पण खाली नाव नव्हतं. मास्तरांनी हात जोडून सांगितलं होतं, नाव नको. बाईमाणसाचं नाव छापून आलं की लोक कविता वाचत नाहीत, बाईलाच वाचतात.

कविता गावाला आवडली. मग ती कुणाची, याचा शोध सुरू झाला, आणि इतकं चांगलं लिहिणारा गावात दुसरा कोण असणार म्हणून ती चर्चच्या रेव्हरंड क्रेल यांची ठरली.

रेव्हरंड आधी म्हणाले, छे छे. पुढच्या खेपेला नुसतेच हसले. पुढे एका रविवारी त्यांनी प्रवचनात चरखा म्हणजे आत्मा, असा अर्थही लावून दाखवला. माणूस वाईट नव्हता. नाही म्हणायची वेळ त्यांनी जाऊ दिली, एवढंच.

आणि आता त्यांच्या प्रवचनांचं पुस्तक याच छापखान्यात होत होतं. शेवटच्या पानावर कविता, खाली रेव्हरंडांचं नाव. पान जुळवून दगडी पाटावर तयार होतं. सकाळी ते यंत्रावर चढणार होतं.

केझाया त्या पानाशी जाऊन उभी राहिली.

"बाई, तुम्हाला ठाऊक आहे कुणाची ते. माझ्या अक्षरातला कागद तुमच्याकडे आला होता."

"छापून झालेले कागद चुलीत जातात."

"मग तुम्ही साक्ष द्या. सगळ्यांसमोर."

"नाही."

"का?"

"पुढच्या कवितेच्या वेळी मी नसेन."

केझायाचं रडू फुटायच्या बेतात होतं आणि तिला रागही येत होता. तिने राग निवडला. ती म्हणाली, तुम्ही त्यांना भिता. चर्चचं सगळं छपाईचं काम त्यांच्याकडून येतं, ते बंद पडेल म्हणून तुम्ही गप्प आहात. आणि तसं पाहिलं तर तुम्ही मला काय शिकवणार? इथून निघणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर काय छापलेलं असतं? 'थेअर यांचे वारस'.

"तुमचं नाव कुठे आहे, बाई?"

बाईंचा हात खिळ्यांवर थांबला...

"मला कुणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढचा खिळा उचलला.

केझाया ओशाळली, पण माघार घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने जुनं गाऱ्हाणं काढलं. कविता पाच कडव्यांची होती. पंचांगात जागा नाही म्हणून बाईंनी पाचवं गाळलं होतं, आणि तेच सगळ्यात चांगलं होतं. ते छापलं असतं तर रेव्हरंडांची जीभ रेटली नसती. घरी एक प्रत होती, ती वडिलांनी विस्तवात टाकली. वर्षभर ती मनातल्या मनात त्या एका कडव्यासाठी बाईंशी भांडत होती.

बाई उठल्या. फळीवरून त्यांनी एक छोटीशी जुडी खाली काढली. जुळवलेले खिळे, भोवती घट्ट सुतळी. वर धूळ साचली होती.

केझायाने वाकून पाहिलं. उलटी अक्षरं तिला धड वाचता येत नव्हती, पण पहिला शब्द लागला.

ते पाचवं कडवं होतं.

खिळे आधीच कमी. कामाचे खिळे कुणी असे बांधून वर्षभर ठेवत नाही, हे केझायालाही कळत होतं. तिच्या जिवात जीव आला. हे कडवं रेव्हरंडांनी कधी पाहिलेलंच नाही. हाच पुरावा. आता हे गावाला दाखवलं की झालं.

"ओचा धर," बाई म्हणाल्या.

तिने आनंदाने एप्रनचा ओचा पुढे केला.

बाईंनी सुतळी सोडली आणि सगळे खिळे तिच्या ओच्यात ओतले.

काही खिळे जमिनीवर सांडले. ती गुडघ्यांवर बसून ते वेचू लागली.

"काय गोळा करतेस?"

"माझं कडवं..."

"ते शिसं आहे. तू कडवं सांग, मी जुळवते."

बाई जुळवायची पट्टी हातात घेऊन खिळ्यांच्या खणांपुढे उभ्या राहिल्या.

केझायाने डोळे मिटले. पहिली ओळ आली. दुसरीत स्वर्ग होता. पुढे कुठेतरी सोन्याचं चाक होतं, आणि स्वर्गाशी यमक जुळलेलं होतं, हे नक्की...

पुढे काही नाही.

तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडकली. वर्षभर तिने भांडण जपलं होतं, आणि कडवं केव्हाच हातचं गेलं होतं. ती घाबरली. आता पुरावाही नाही, आठवणही नाही, आणि सकाळी पान छापलं जाणार.

"मला येत नाही, बाई."

बाई पट्टी तशीच धरून होत्या. बाहेर बंदरावर कुणीतरी पिंप गडगडवत नेत होतं. तो आवाज विरत गेला.

मग केझाया हळू आवाजात बोलू लागली. स्वर्ग तिने सोडून दिला. घरात काय होतं तेवढंच ती सांगत गेली.

"चाक थांबलं, पण माझी बोटं थांबत नाहीत.
दोरा ओला करायची तिची सवय मला लागली.
आतल्या खोलीतून बाबा विचारतात, कोण कातते आहे?
आणि मी उत्तर देत नाही."

बाईंची बोटं खणांतून फिरत होती. शेवटचा खिळा बसला तेव्हा त्यांनी डोळे पुसले, आणि शाईचा डाग गालावर उमटला.

या वेळी त्यांनी एकही ओळ खोडली नाही.

त्या दगडी पाटाशी गेल्या. रेव्हरंडांच्या पानावर चौथ्या कडव्याखाली चार बोटं जागा मोकळी होती. बाईंनी तिथलं रेव्हरंडांचं नाव उचलून बाजूला ठेवलं आणि नवं कडवं अलगद सरकवून बसवलं. ते नीट बसलं. खाली एका ओळीची जागा उरली.

केझाया त्या जागेकडे पाहत राहिली. तिथे रेव्हरंडांचं नाव परत आलं, तर आई त्यांची होणार होती. तिचं स्वतःचं आलं, तर सकाळच्या छपाईनंतर संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं. वडिलांची शाळा रेव्हरंडांच्या शब्दावर चालत होती. या छापखान्याची चूलही बरीचशी त्यांच्याच शब्दावर पेटत होती. आणि काहीच नाव नाही घातलं, तर पुढच्या वर्षी कुणीतरी चरख्याचा आणखी एक अर्थ सांगणार होतं.

"बाई, तुम्हीच सांगा. काय करू?"

थेअरबाईंनी पट्टी पुन्हा हातात घेतली. ती रिकामी होती. त्यांचा दुसरा हात खणांवर जाऊन थांबला...

"केझाया," त्या म्हणाल्या, "कोण कातते आहे?"