घागरीतली बहीण

एका तांबटाच्या दुकानात फार पूर्वीपासून नियम होता: जोड दिसता कामा नये. का, ते कथलाच्या कांडीने विचारायचं नाही. वितळून सांध्यात शिरायचं. वर उरेल ते कानस घासून टाकणार.

कांडीची थोरली बहीण अशीच एका घागरीत गेली होती. तेव्हापासून दुकानात घागर आली, की कांडी तिच्यात बहिणीला शोधायची.

एके दिवशी पाण्याने भरलेली एक घागर आली, सांध्यातून गळत.

“अगं बाई, ही तर माझ्याच अंगावर घडली!” म्हातारी ऐरण म्हणाली. “हिच्यातच गेली तुझी ताई. चल पोरी, आता तुझी पाळी.”

“कुठंय ताई?” कांडीने पुन्हापुन्हा पाहिलं. सांधा कागदासारखा पातळ झाला होता.

“दिसत नाही, म्हणजे काम चोख!” कानस फुशारली.

“चोख? मग पाणी कुठून गळतंय, मावशी? घासून घासून तूच संपवलंस तिला. ताईच्या जागी मी जाईन, पण जाडजूड, चांगली उठून दिसेन अशी. मला दात लावणार असशील, तर मी वितळणारच नाही.”

ऐरणीने कानशीकडे पाहिलं. घागरीतून आणखी एक थेंब पडला, तशी कानस सांध्यापासून मागे सरकली.