वाळूखालच्या हाका

एका किनाऱ्यावर एका कासवीने खोल खड्डा करून अंडी घातली, वर वाळू लोटली आणि ती समुद्रात निघून गेली. कासवी म्हणे नुसत्या नजरेने पिल्लं वाढवते. हिने तर मागे वळूनही पाहिलं नाही! पण पिल्लं काही मुकी नव्हती. अंड्यांत असल्यापासूनच ती एकमेकांना हाका मारत.

"झालास का रे तयार?"

"थांब, अजून टरफल फुटेना!"

सगळ्यांत वर होता एक दांडगट. तो सर्वांआधी अंड्यातून बाहेर आला. तळाशी होतं शेंडेफळ, अजून अंड्यातच.

"दादा, थांब ना! मीही येतोय," ते आतून म्हणालं.

"तुझी वाट बघत बसलो तर समुद्र आटेल!" असं म्हणून दांडगट एकटाच वरची वाळू उकरू लागला.

कासवांची रीत अशी, की वरच्यांनी उकरायचं आणि खालच्यांनी पडलेली वाळू तुडवायची. मग तळच हळूहळू वर येतो. पण खालची भावंडं शेंडेफळासाठी थांबलेली. तुडवणार कोण? सगळी वाळू दांडगटाच्याच अंगावर कोसळली आणि तो मानेपर्यंत गाडला गेला. श्वास कोंडला, तरी हाक मारायला जीभ रेटेना. कोणत्या तोंडाने मारणार? शेवटी जिवापुढे लाज हरली.

"अडकलो रे! कुणी आहे का?"

सगळ्यांत आधी ओ दिली ती शेंडेफळाने. "आत्ताच बाहेर आलो, दादा! तू पाय हलवत राहा, आम्ही तुडवतो!"

वरून वाळू गळे, खाली सगळी मिळून ती तुडवत. तळ बोट बोट वर चढला. संध्याकाळी वाळू निवल्यावर सगळी भावंडं एकदमच बाहेर पडली. टपून बसलेल्या खेकड्यांची त्रेधा उडाली. कुणाला धरावं तेच कळेना.

दांडगट लाटेपाशी पोहोचला, पण पाण्यात शिरला नाही. शेंडेफळ मागे राहिलं होतं आणि एक खेकडा त्याच्याकडे वळला होता.

"माझ्या आवाजाच्या रोखाने ये! थांबू नकोस!" दांडगट ओरडत राहिला. खेकडा गाठायच्या आत धापा टाकत शेंडेफळ त्याच्याजवळ आलं.

"तू का थांबलास, दादा? समुद्र आटला असता ना!"

दांडगटाचे डोळे भरून आले. "मी वर आलो तो तू तुडवलेल्या वाळूवरून. तुझे उपकार कसे विसरू, बाळा?"

लाट आली आणि दोघांनाही बरोबरच घेऊन गेली.

तात्पर्य: वर पोहोचलेल्याने खाली पाहून हात जोडावेत, त्याच्या पायाखालची जमीन कुणीतरी तुडवून घट्ट केलेली असते.