चार दारांचं दालन

लाकडालाही वाचा होती, त्या काळी हौसाबाई सुतारीण भुयारांचा पट बनवायची. लाकडाच्या चौकोनी तुकड्यांवर ती कुठे बोळ, कुठे जिना, कुठे विहीर, कुठे चौक कोरायची. खेळगडी ते तुकडे दर वेळी वेगळे जोडत आणि सोंगट्या घेऊन खजिना शोधत फिरत.

खजिन्याचं दालन सोनेरी होतं, दाराशी नाग होता. पण दार एकच, म्हणून ते पटावर सगळ्यात शेवटी लागे. साध्या चौकाला मात्र चारही बाजूंना दारं. प्रत्येक डावात आधी त्यालाच उचलत. ते पाहून दालनाचा नुसता जळफळाट होई.

"सोनं माझ्या अंगावर, आणि मान त्या उघड्याबोडक्याला?" ते एकदा म्हणालं. "बाई, मलाही चार दारं पाडा."

"बघ हं, पाडलेलं दार पुन्हा बुजत नाही," हौसाबाई म्हणाली. पण दालन हट्टालाच पेटलं. शेवटी तिने पटाशी घेऊन आणखी तीन दारं कोरली.

दुसऱ्या दिवशी गड्यांनी दालन सगळ्यात आधी मांडलं. नाग पुढच्या दाराशी बसून राहिला. सोंगट्या मागच्या दाराने शिरल्या आणि खजिना घेऊन बाहेर पडल्या.

"एवढ्यात संपलं?" गडी जांभया देत उठले.

मग हौसाबाईने दालनाचं सोनं खरवडून त्याचाही चौक केला आणि एका दाराचं नवं दालन कोरलं. आता हा चौक रोज पहिला मांडला जातो. गडी त्याच्यावरून झपाझप पुढे जातात. नव्या दालनाच्या दाराशी मात्र सगळे श्वास रोखून थांबतात, आणि ती शांतता मागे राहिलेल्या या चौकाला ऐकू येते.