वेशीखालची गाडी

वडनेरीच्या जुन्या वेशीखाली सगुणा कासारीण बायकांना बांगड्या भरायची. तिच्या आधी तिची सासूही तिथंच बसायची. एक दिवस बिल्डर दामोदरशेठ तिथं अवतरले. त्यांना वेस पाडून दुकानांची माडी उठवायची होती, आणि तीही म्हणे गावाच्या काळजीपोटी! बिचाऱ्यांना त्या काळजीनं झोपच नव्हती.

नगरपालिकेचे साहेब पाहणीला आले. ऊन मी म्हणत होतं. शेठ गाडीतून उतरले नि ड्रायव्हरला म्हणाले, "नवी गाडी आहे, सावलीत लाव." मग साहेबांना सांगू लागले, "कमान आज पडेल की उद्या, नेम नाही. पाडायचा हुकूम द्या."

साहेबांनी सगुणेला विचारलं, "बाई, इथं बसायची भीती नाही वाटत?"

"वाटायची की साहेब! पण शेठनी आपली नवी गाडी वेशीखाली लावली, तेव्हाच गेली बघा."

साहेबांनी वळून पाहिलं. गाडी कमानीच्या मधोमध सावली खात उभी होती.

शेठ ओरडले, "अरे, काढ ती बाहेर!"

"असू द्या हो शेठ," सगुणा म्हणाली, "उन्हानं रंग उडंल."

साहेब हसत हसत निघून गेले. वेस अजून उभी आहे. गाडीचं काही ठाऊक नाही.