चालत येणारी शांतता

डोंगराच्या कुशीतल्या एका दाट रानात एक भेकर राहत असे. भेकर म्हणजे हरणाचीच जात. अंगाने शेळीएवढी, पाय काडीसारखे, आवाज मात्र कुत्र्यासारखा भुंकरा. पण तो आवाज ती उगाच काढत नसे. तिला एकच पाडस होतं. त्या वर्षी उन्हाळा असा पेटला की ओढे आटले, डबकी सुकून त्यांना भेगा पडल्या आणि सगळ्या रानाला मिळून एकच कुंड उरलं.

पोरांनो, रान फक्त रात्रीच भिववतं असं जे सांगतात, त्यांनी वैशाखातली भर दुपार रानात काढलेली नसते. सावल्या आपापल्या झाडाच्या मुळाशी गोळा झालेल्या असतात, पान हलत नाही, आणि सालींना चिकटलेले किडे एका सुरात किर्र वाजत राहतात. तो सूर इतका अखंड असतो की थोड्या वेळाने तो ऐकूच येईनासा होतो. अशाच एका दुपारी कुंडावरून बिबट्याने एक ससा उचलला. कुणी किंचाळलं नाही, कुणी धावलं नाही. पाण्यावर एक गोल तरंग तेवढा पसरत गेला.

सगळी जनावरं हादरली. त्यांचा म्होरक्या होता एक थोराड हुप्प्या वानर. माणसांना हाकारा घालताना त्याने पाहिलं होतं. डबे बडवत, आरोळ्या ठोकत माणसं रानात शिरली की बिबट्या पळतो, एवढं त्याच्या ध्यानात राहिलं होतं. कुंडावरच्या उंबरावर बसून तो म्हणाला, "उद्यापासून आपणही हाकारा घालायचा. पाण्यावर ओरडत यायचं, ओरडत प्यायचं, ओरडतच परत जायचं. जो गप्प राहील त्याला पाणी नाही!"

माणसांचं पाहून शिकायला माझी हरकत नाही, पण अर्धंच पाहून शिकू नये. माणसांचा हाकारा घटकाभराचा असतो, आणि ती काठ्या घेऊन पुढे पुढे सरकत असतात. एका जागी उभं राहून घसा फोडण्याला हाकारा म्हणत नाहीत. पण म्होरक्याला सांगणार कोण?

दुसऱ्या दिवसापासून कुंडावर जत्रा भरली. मोर केकाटू लागला, रानडुकरं डुरकू लागली, वानरं हुपहुप करू लागली. सातभाई पक्ष्यांचं टोळकं तर जन्माचंच बडबडं, त्यांचं फावलंच. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांची भीती गेली. स्वतःच्या आवाजात ती बुडून जाते.

भेकर तेवढी तोंड मिटून खाली उतरली. सातभाई तिच्यावर तुटून पडले. "अगं ए घुमे! घसा बसला की अक्कल बसली?"

"बाई, एक हाक दे की. तोंडात मध धरून ठेवलायस का?"

भेकर म्हणाली, "माझा आवाज एकाच कामाचा आहे. तो रोज उधळला तर ज्या दिवशी खरी गरज पडेल त्या दिवशी तो ऐकणार कोण?"

"मग त्या दिवसापर्यंत तहानलेली राहा," हुप्प्या वरून म्हणाला.

म्हणून भेकर आणि तिचं पाडस उतारावरच्या करवंदीच्या जाळीत बसून राहू लागली. सगळे पिऊन गेले की खाली यायचं आणि तळाचा गढूळ घोट घ्यायचा. बसून करायचं काय? ती ऐकत बसे. पहिल्या दिवशी तिला नुसता कलकलाट ऐकू आला. दुसऱ्या दिवशी तिने कान त्या कलकलाटाच्या पलीकडे नेला. शेंग तडकल्याचा आवाज आला, पाचोळ्याखाली सरडा सरकला, कड्याच्या कपारीत मधमाश्या घुमत होत्या. मग तिला तो किर्र सूर सापडला. आणि त्या सुरात एक भोक होतं.

एका जांभळीखाली, खाटेएवढ्या जागेत, किडे गप्प होते. भोवताली सगळीकडे किर्र चालू होतं. तिथे काही नाही. भेकर पाहत राहिली. गवत हललं नाही, फांदी वाकली नाही. पण ते भोक हललं. पुढचे किडे गप्प झाले, मागचे पुन्हा वाजू लागले. शांततेचा तो तुकडा सावकाश चालत कुंडाच्या काठाशी आला, जरा थांबला, आणि आल्या वाटेने परत चढ चढून गेला. येताना तो हलका आला होता. जाताना त्याची चाल जड होती.

भेकर जाळीतून उठून खाली आली. सगळे परतू लागले तशी ती मोराला आडवी झाली. "मोरभाऊ, तुमची लांडोर कुठे?"

"ती काय, पलीकडच्या काठावर ओरडतेय," मोर मान न वळवता म्हणाला.

रानडुकरिणीला तिने विचारलं, "काकू, तुमचं धाकटं दिसत नाही?"

"मागे असेल. आवाज येतोय की त्याचा!"

मग ती उंबराखाली गेली आणि हुप्प्याला तिने सगळं सांगितलं. वानरं एकमेकांना टाळ्या देऊन हसली. "शांतता चालते म्हणे! तिला पाय किती गं, दोन की चार?" हुप्प्या म्हणाला, "ऊन लागलंय तुला बाई. सावलीला पड."

तिसऱ्या दिवशी पाडसाची जीभ टाळ्याला चिकटली. गढूळ घोटावर कोवळा जीव किती दिवस काढणार? आई कान टवकारून बसली होती, तेवढ्यात ते जाळीच्या मागच्या बाजूने निसटलं. बें बें करत कुंडावर पोचलं. ओरडत आलेल्याला कुणी अडवलं नाही. पलीकडच्या काठावर, जांभळीच्या बाजूला, एकटंच उभं राहून ते पाणी पिऊ लागलं.

भेकराने त्याला पाहिलं, आणि त्याच क्षणी जांभळीमागचे किडे गप्प झाले.

भेकर भुंकली. जीव खाऊन भुंकली. इतके दिवस जपलेला आवाज तिने एकदम मोकळा केला, आणि तो त्या कलकलाटात असा विरला जसा पावसाचा थेंब तळ्यात. सातभाईंपैकी एकाने वर पाहिलं आणि पंख फडफडवले. "आली बाई वाटेवर! चला रे, आणखी जोरात!"

गोंगाट दुप्पट झाला. भोक पाडसाकडे सरकलं.

भेकर उतारावरून घसरत, ठेचकाळत खाली आली. पलीकडच्या काठाला वळसा घालून जायला वेळ नव्हता. उंबराला पुढचे पाय लावून ती उभी राहिली. "आजोबा, एक श्वास! फक्त एक श्वासभर सगळ्यांना गप्प करा. मग मला रानातून हाकलून द्या!"

हुप्प्याचा घसा तीन दिवसांत फाटला होता. त्याच्या कळपातलं एक पिल्लू सकाळपासून दिसलं नव्हतं आणि ते इथेच कुठेतरी ओरडत असेल, असं तो मनाला सांगत होता. त्याने भेकराचे थरथरणारे कान पाहिले. एरवी त्याने तिला दात दाखवले असते. या वेळी त्याने हात वर केला.

कुंड गप्प झालं.

तीन दिवसांनी प्रथमच तिथे कुणी ओरडत नव्हतं. आधी कानांत नुसती पोकळी झाली. मग हळूहळू किर्र सूर वर आला. कड्याकडून आला, ओढ्याकडून आला, उतारावरून आला. जांभळीच्या बाजूने आला नाही. तिथे काहीच नव्हतं. आणि ते काहीच एक पाऊल पुढे आलं.

एकाच वेळी सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. भेकर भुंकली. एकदाच. आवाज कड्यावर आपटून परत आला. पाडसाने अशी उडी घेतली की पाणी उडून उंबराच्या पानांवर पडलं. जिथे नुसतं वाळलेलं गवत होतं तिथे दोन पिवळे डोळे दिसू लागले. मग कान. मग सगळा बिबट्या.

दिसला की बिबट्याची शिकार सुटते, हे त्याला ठाऊक असतं. तो धावला नाही, गुरगुरला नाही. उठला, अंग ताणलं, जांभई दिली, आणि पाठ फिरवून उघड्यावरून चढ चढू लागला. त्याच्याबरोबर त्याची शांतताही गेली.

तरी कुंडावर कुणी तोंड उघडलं नाही. मग मोराने पलीकडच्या काठाकडे पाहून हलकेच हाक घातली. लांडोरीने ओ दिली नाही. कड्याने मोराचीच हाक मोराला परत पाठवली. रानडुकरीण आपल्या पिल्लांभोवती फिरत राहिली, पुन्हा पुन्हा. हुप्प्या फांदीवर पाठमोरा बसला. आपापल्या जिवलगांचे म्हणून जे आवाज ते तीन दिवस ऐकत होते, ते त्यांचे स्वतःचेच होते.

दुसऱ्या दुपारी सगळे पाण्यावर आले ते पाऊल जपून आले. अर्ध्यांनी प्यायचं, अर्ध्यांनी ऐकायचं, असं कुणी न सांगताच ठरलं. भेकर काठावर उभी राहिली आणि पाडस तिच्या पोटाखालून तोंड काढून निवळ पाणी पिऊ लागलं. चारी बाजूंनी किडे वाजत होते. कुठेही भोक नव्हतं.

पाडस कुजबुजलं, "आई, आज ते भोक नाही ऐकू येत. बिबट्या गेला का गं?"

"गेला नाही," भेकर म्हणाली. "आज तोही बसून ऐकतोय. तू पी."

तात्पर्य : भ्यालेला आरडाओरड करतो आणि त्याला वाटतं आपण जागे आहोत, पण संकटाची पावलं त्यालाच ऐकू येतात, जो आपला आवाज आवरून रानाकडे कान देतो.